टँकरवरचा ‘इन्फ्लॅमेबल’ : एका उपसर्गाच्या चुकीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण नववीच्या वर्गाला दिलेल्या एका साध्या गृहपाठातून उभे राहिले. शाळा मराठी माध्यमाची आणि मनमाडच्या परिसरातली आहे. जवळच पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो असल्यामुळे शाळेसमोरच्या रस्त्यावरून दिवसभर पेट्रोल-डिझेलचे टँकर जात-येत असतात, आणि वर्गातल्या काही मुलांच्या घरातली माणसे त्या टँकरवर चालक किंवा क्लीनर म्हणून काम करतात. इंग्रजीतील उपसर्ग, प्रत्यय आणि मूळ शब्द हा घटक शिकवून झाला होता. तो वहीत अडकून पडू नये म्हणून मी मुलांना सांगितले, की दुकानांच्या पाट्या, औषधांच्या पट्ट्या, बिस्किटांचे पुडे, गाड्यांच्या मागचा मजकूर असे काहीही वाचा, उपसर्ग किंवा प्रत्यय असलेले दहा इंग्रजी शब्द शोधा, त्यांचे भाग सुटे करा आणि अर्थ लिहून आणा.

एका मुलीच्या वहीतला सातवा शब्द ‘इन्फ्लॅमेबल’ हा होता. तिचे वडील टँकर चालवतात. रोज घरासमोर उभ्या राहणाऱ्या त्याच गाडीच्या मागच्या बाजूला तांबड्या रंगात लिहिलेले ‘हायली इन्फ्लॅमेबल’ हे शब्द तिने उतरवून आणले होते. पुढच्या रकान्यांत तिने शब्दाचे तीन तुकडे नीट मांडले होते : ‘इन’ म्हणजे नाही, ‘फ्लॅम’ म्हणजे ज्वाला, ‘एबल’ म्हणजे होऊ शकणारे. अर्थाच्या रकान्यात लिहिले होते, ‘अजिबात पेट न घेणारे’. त्याच्याखाली पेन्सिलीने, बारीक अक्षरात, माझ्यासाठी एक ओळ होती : ‘पप्पा म्हणतात लगेच पेटते. पण नियमाने उलटे येते. कोणते लिहू?’

ती ओळ वाचून मी लाल पेन खाली ठेवले. मुलीने शब्द न समजता लिहिला असता, तर अर्थ दुरुस्त करून पुढे जाता आले असते. इथे तिने माझा नियम अगदी बिनचूक लावला होता, आणि नियम बिनचूक लावल्यामुळेच उत्तर जिवावर बेतेल इतके चुकले होते. ज्या माणसाचे अर्धे आयुष्य त्या टँकरच्या शेजारी गेले त्याचे सांगणे एका बाजूला आणि शाळेतला तक्ता दुसऱ्या बाजूला, अशा पेचात मी तिला नेऊन उभे केले होते. तिने वडिलांचे म्हणणे पेन्सिलीने आणि नियमाचे उत्तर शाईने लिहिले होते, ही गोष्ट मला विशेष लागली.

तक्ता माझाच होता. वर्गाच्या भिंतीवर तो मी जूनपासून लावला होता आणि त्यात नकारार्थी उपसर्गांच्या घरात ‘अन’, ‘इन’, ‘इम’, ‘इल’, ‘इर’, ‘डिस’, ‘नॉन’ असे एकाखाली एक लिहून समोर एकच अर्थ दिला होता : नाही. परीक्षेत विरुद्धार्थी शब्दांवर प्रश्न येतो, त्याला हा तक्ता पुरतो. ‘व्हिजिबल’चे ‘इनव्हिजिबल’, ‘पॉसिबल’चे ‘इम्पॉसिबल’, ‘लीगल’चे ‘इलीगल’ हे मुले झटकन करू लागतात, गुण मिळतात, आणि शिकवणाऱ्यालाही काम झाल्यासारखे वाटते. पण विरुद्धार्थी शब्द बनवताना मूळ शब्द आधीच हातात दिलेला असतो आणि उपसर्ग आपण जोडतो. अनोळखी शब्द वाचताना याच्या नेमके उलट करावे लागते, कारण तिथे जोडलेला शब्द समोर असतो आणि तो कुठे तोडायचा हे आपल्याला ठरवायचे असते. जोडण्यासाठी केलेला तक्ता मी तोडण्यासाठी वापरायला दिला, हे या चुकीचे पहिले कारण.

पहिला उपाय मी तोच केला जो बहुतेक शिक्षक करतील. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितले, की ‘इन्फ्लॅमेबल’ हा अपवाद आहे, त्याचा अर्थ ‘पेट घेणारे’ असाच होतो, हा एक शब्द पाठ करून ठेवा. हा उपाय आठवडाभरसुद्धा टिकला नाही. एका मुलाने विचारले, ‘मग इम्पोर्ट म्हणजे काय? पोर्ट नाही?’ दुसऱ्याने ‘इन्क्लूड’ काढला, तिसऱ्याने ‘इमिग्रंट’. कोणी ‘इल्युमिनेशन’ आणले, तर शेतकरी घरातल्या एका मुलाने ‘इरिगेशन’ आणले, कारण कालव्याच्या फाट्यावरच्या पाटीवर तो शब्द तो रोज वाचतो. अपवादांची यादी फळ्यावर नियमापेक्षा लांब झाली. ज्या नियमाला इतके अपवाद निघतात तो नियम अर्धवट सांगितला गेलेला असतो, आणि इथेही तसेच झाले होते.

वस्तुस्थिती अशी, की इंग्रजीत लॅटिनमधून आलेले ‘इन’ दोन आहेत. एक नकाराचे आणि दुसरे ‘आत, कडे, वर’ या अर्थाचे. दोघांची घराणी वेगळी आहेत. नकाराचे ‘इन’, अस्सल इंग्रजी ‘अन’, ग्रीकमधून आलेले ‘अ’ किंवा ‘अन’ आणि आपल्या संस्कृतातले ‘अ’ किंवा ‘अन्’ ही सगळी एकाच प्राचीन मुळाची भावंडे आहेत. व्यंजनापूर्वी ‘अ’ आणि स्वरापूर्वी ‘अन्’ हा संस्कृतातला नियम ग्रीकमध्येही तसाच आढळतो. आपण ‘अज्ञान’ पण ‘अनंत’ म्हणतो, तसेच. दुसरे ‘इन’ मात्र इंग्रजीतल्या ‘आत’ अर्थाच्या साध्या ‘इन’चे लॅटिन नातेवाईक आहे. ‘इम्पोर्ट’ म्हणजे आत वाहून आणणे, ‘इमिग्रंट’ म्हणजे आत येऊन वसणारा, ‘इल्युमिनेशन’ म्हणजे एखाद्या गोष्टीवर प्रकाश पाडणे, ‘इरिगेशन’ म्हणजे जमिनीत पाणी सोडणे. या शब्दांत नकार कुठेच नाही.

दिसायला ही दोन्ही ‘इन’ सारखी होतात, कारण पुढच्या अक्षरानुसार दोघेही सारखाच वेष बदलतात. ‘पी’ किंवा ‘एम’पूर्वी ‘इम’, ‘एल’पूर्वी ‘इल’, ‘आर’पूर्वी ‘इर’. मराठी मुलांना हा बदल वेगळा शिकवावा लागत नाही, त्यांनी तो संधीच्या धड्यात केलेला असतो. उत् आणि लेख जोडले की ‘उल्लेख’ होतो, सत् आणि जन जोडले की ‘सज्जन’ होतो, तसेच ‘इन’ आणि ‘लीगल’ जोडले की न्‌चा ल् होतो. हे कळल्यावर ‘इलीगल’च्या स्पेलिंगमध्ये ‘एल’ दोनदा का येतो, हा दरवर्षीचा प्रश्न आपोआप सुटतो. एक ‘एल’ मूळ शब्दाचा आणि दुसरा उपसर्गाचा. ‘इम्मॅच्युअर’मध्ये ‘एम’ दोन आणि ‘इमॅजिन’मध्ये एकच, कारण ‘इमॅजिन’मध्ये उपसर्गच नाही, तो ‘इमेज’च्या घरचा शब्द आहे. माझ्या अनुभवात मुले उपसर्गांचा अर्थ विसरतात, पण स्पेलिंगचा हा उलगडा विसरत नाहीत.

तरीही यातून टँकरवरच्या शब्दाचा प्रश्न पुरता सुटत नाही. ‘इन’ दोन आहेत हे मान्य केले, तर एखाद्या शब्दात त्यांपैकी कोणते आहे हे कसे ओळखायचे? ‘इम्पोर्ट’, ‘इन्क्लूड’ यांत मुले फारशी फसत नाहीत, कारण उपसर्ग काढल्यावर उरलेला तुकडा एक तर शब्दच नसतो किंवा त्याचा अर्थ जुळत नाही. ‘इन्फ्लॅमेबल’मध्ये मात्र उपसर्ग काढला की ‘फ्लॅमेबल’ हा चांगला, धडधाकट, कोशात असलेला शब्द उरतो. ‘व्हिजिबल-इनव्हिजिबल’ शेजारी ‘फ्लॅमेबल-इन्फ्लॅमेबल’ ठेवले तर कोणत्याही विचारी मुलाला ती विरुद्धार्थी जोडीच वाटेल. या मुलीने ‘फ्लॅमेबल’ हा शब्दही आधी ऐकलेला होता, हे मी तिला विचारल्यावर कळले. म्हणजे तिला शब्द कमी माहीत होते म्हणून ती चुकली नव्हती, उलट एक शब्द अधिक माहीत असल्यामुळे तिची खात्री पटली होती.

इथे या शब्दाचा इतिहास उपयोगी पडतो. लॅटिनमध्ये ‘फ्लामा’ म्हणजे ज्वाला. तिला ‘आत’ अर्थाचे ‘इन’ लागून ‘इन्फ्लामारे’ हे क्रियापद झाले, म्हणजे पेटवणे, ज्वालेत घालणे. त्या क्रियापदाला ‘होण्याजोगे’ या अर्थाचा प्रत्यय लागला आणि ‘इन्फ्लॅमेबल’ तयार झाला. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकाच्या आरंभापासून आहे. ‘फ्लॅमेबल’ त्यानंतर दोनशे वर्षांनी, १८१३ च्या सुमारास दिसतो आणि पुढे बराच काळ तो फारसा कोणी वापरत नव्हते. विसाव्या शतकात कारखाने, गोदामे आणि पेट्रोल वाढले, तेव्हा आगीशी ज्यांचा रोजचा संबंध होता अशा लोकांच्या लक्षात आले, की ‘इन’मुळे माणसे धोक्याच्या पाटीचा उलटा अर्थ घेऊ शकतात. अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२० च्या दशकात ‘फ्लॅमेबल’ वापरावा असा आग्रह धरला आणि ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशनने १९५९ मध्ये तेच धोरण स्वीकारले. आज मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात पेट्रोल ‘फ्लॅमेबल’ द्रवांच्या वर्गात, म्हणजे तिसऱ्या वर्गात मोडते आणि पेट्रोलचा ओळख-क्रमांक १२०३ आहे.

भारतात मात्र जुना शब्द कायद्याच्या नावातच बसलेला आहे : १९५२ चा ‘इन्फ्लॅमेबल सबस्टन्सेस ॲक्ट’. टँकरच्या मागे रंगवणारा पेंटर तोच शब्द पिढ्यानपिढ्या उतरवत आला आहे. त्यामुळे आपल्या रस्त्यांवर आणि पाट्यांवर दोन्ही शब्द एकाच वेळी वावरतात, आणि दोघांचा अर्थ एकच आहे. मला यातली सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट ही वाटते, की गैरसमज टाळण्यासाठी जो शब्द पुढे आणला गेला त्यानेच जुन्या शब्दाचा गैरसमज अधिक पक्का केला. ‘फ्लॅमेबल’ प्रचारात नसता, तर ‘इन’ काढल्यावर उरलेला तुकडा मुलीला अडखळायला लावला असता आणि ती कदाचित कोश उघडायला गेली असती.

इतिहास वर्गाला आवडला, पण नववीच्या मुलाला रस्त्यात उभे राहून लॅटिन आठवणार नाही. त्याला हाताशी राहील अशी काही कसोटी हवी होती. ती इंग्रजीच्या पुस्तकात मिळाली नाही. ती हजेरीपटावर मिळाली.

आमच्या हजेरीपटावर ‘अनुपस्थित’ असा रकाना आहे. मी तो शब्द फळ्यावर लिहिला आणि त्याच्याखाली ‘अनुपालन’ लिहिला. दोन्ही शब्दांची पहिली दोन अक्षरे तीच आहेत : अ, नु. वर्गाला विचारले, दोन्हींत उपसर्ग कोणता? थोडी कुजबुज झाली आणि मग उत्तरे आली. ‘अनुपस्थित’ म्हणजे उपस्थित नसलेला, म्हणून अन् अधिक उपस्थित. ‘अनुपालन’ म्हणजे नियमाच्या मागोमाग चालणे, म्हणून अनु अधिक पालन. ‘अनुचित’मध्ये अन्, ‘अनुभव’मध्ये अनु. ‘अनुत्तीर्ण’मध्ये अन्, ‘अनुकरणीय’मध्ये अनु. एकही मूल चुकले नाही. मी विचारले, की अक्षरे तर तीच आहेत, मग तुम्ही कसे ओळखले? यावर जिच्या वहीतून हे सगळे सुरू झाले त्याच मुलीने हळू आवाजात उत्तर दिले : ‘बाई, आधी कोणता शब्द तयार झाला ते बघितलं.’

माझ्या मते या संपूर्ण प्रकरणाचा गाभा तिच्या त्या वाक्यात आहे. शब्दाचे भाग ओळखणे पुरेसे नसते, ते भाग कोणत्या क्रमाने जोडले गेले हेही पाहावे लागते. ‘अनुकरणीय’मध्ये आधी ‘अनु’ आणि ‘कृ’ जोडून अनुकरण करणे या अर्थाचा धातू झाला आणि मग त्याला ‘अनीय’ लागला. ‘करणीय’ आधी होऊन त्याला नकार लागलेला नाही. ‘अविश्वसनीय’मध्ये याच्या उलट, ‘विश्वसनीय’ हा शब्द आधी पुरा झाला आणि नंतर त्याला ‘अ’ लागला. इंग्रजीत हीच गोष्ट. ‘इनव्हिजिबल’मध्ये ‘व्हिजिबल’ आधी आणि ‘इन’ नंतर. ‘इन्फ्लॅमेबल’मध्ये ‘इन्फ्लेम’ हे क्रियापद आधी आणि ‘एबल’ नंतर. एका शब्दाचा सांधा पुढे आहे, दुसऱ्याचा मागे आहे, आणि माझा तक्ता मुलांना प्रत्येक शब्द पुढूनच तोडायला शिकवत होता.

त्यावरून आम्ही एक कसोटी बसवली. शब्दाच्या शेवटी ‘एबल’ किंवा ‘इबल’ असेल, तर आधी मागचा प्रत्यय बोटाने झाकायचा आणि उरलेला भाग इंग्रजीत स्वतंत्र क्रियापद म्हणून वापरला जातो का ते पाहायचे. ‘इन्हॅबिटेबल’चा प्रत्यय झाकला, तर ‘इन्हॅबिट’ म्हणजे वस्ती करणे हे क्रियापद उरते. म्हणून शब्दाचा अर्थ ‘वस्ती करण्याजोगे’ असा होतो, आणि नकार हवा असेल तर पुढे ‘अन’ लावून ‘अनइन्हॅबिटेबल’ म्हणावे लागते. ‘इनव्हिजिबल’, ‘इन्क्रेडिबल’ यांचा प्रत्यय झाकला तर क्रियापद उरत नाही; मग पुढचा ‘इन’ वेगळा करून पाहायचा. ‘इन्फ्लेम’ हे क्रियापद मुलांना ठाऊक नव्हते, ही अडचण खरी होती. पण त्याचे नातेवाईक त्यांच्या घरात निघाले. सांधेदुखीच्या गोळ्यांच्या पट्टीवर ‘अँटि-इन्फ्लमेटरी’ असते. ‘इन्फ्लमेशन’ला मराठी वैद्यक ‘दाह’ म्हणते, आणि दाह म्हणजे मुळात जळणेच. सुजलेल्या गुडघ्याची आग होते असे आजी म्हणते, तेव्हा लॅटिनमध्ये आणि संस्कृतात ज्या रूपकाने हा शब्द झाला तेच रूपक ती वापरत असते. वृत्तपत्रांतली ‘इन्फ्लमेटरी’ भाषणे म्हणजे भडकावणारी भाषणे. एकदा ‘इन्फ्लेम’चा हा गोतावळा दिसला, की टँकरवरचा शब्द पुन्हा चुकणे कठीण होते.

याच तासाला एक चूक होता होता राहिली, तीही इथे नोंदवून ठेवते. ‘फ्लॅम’ म्हणजे ज्वाला कळल्याबरोबर एका मुलाने ‘इन्फ्लेशन’ही त्याच घरात बसवला : महागाई भडकते, म्हणून ज्वाला. युक्तिवाद चांगला होता, पण मूळ वेगळे आहे. ‘इन्फ्लेशन’मध्ये लॅटिनचे फुंकणे या अर्थाचे ‘फ्लारे’ आहे. हवा भरून फुगवणे हा त्याचा अर्थ. आपल्याकडे ज्याने ‘चलनफुगवटा’ हा प्रतिशब्द घडवला त्याने ते मूळ किती नेमके ओळखले होते, हे मी मुलांना सांगितले. मूळ शब्द शिकवताना हा धोका कायम असतो, की दोन-तीन अक्षरे जुळली की मुले नाते जोडून मोकळी होतात. म्हणून वर्गाने एक शिस्त ठरवली : अंदाज पेन्सिलीने लिहायचा आणि कोशात पाहिल्यावरच त्यावर शाई फिरवायची.

वडिलांशी बोलणे पालकसभेच्या दिवशी झाले. वहीचा विषय त्यांना ठाऊक होता आणि ते थोडे अवघडलेले होते. त्यांनी आधीच सांगून टाकले, ‘मॅडम, मला इंग्रजी येत नाही, पोरीला मी चुकीचं सांगितलं असेल तर माफ करा.’ त्यांनी सांगितलेलेच बरोबर होते आणि चूक तक्त्यात होती, हे मी मुलीसमोर स्पष्टपणे सांगितले. मग ते मोकळे झाले. डेपोच्या फाटकावर काडेपेटी, बिडी, मोबाइल सगळे काढून ठेवावे लागते. माल भरण्याआधी आणि उतरवण्याआधी टँकरला अर्थिंगची तार लावावी लागते, नाहीतर घर्षणाने साठलेल्या विजेची एक ठिणगीही पुरते. आणि त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मी त्याआधी कधी विचारात घेतली नव्हती : ‘भरलेल्यापेक्षा रिकामा टँकर जास्त जपायचा. लोक म्हणतात रिकामा आहे. रिकामा नसतो तो, आत वाफ असते.’

हे वाक्य ऐकून मला बेंजामिन ली व्होर्फ आठवला. रसायन अभियांत्रिकी शिकलेला हा माणूस १९१९ पासून अमेरिकेतील हार्टफर्ड फायर इन्शुरन्स कंपनीत आगप्रतिबंधाचे काम करत होता आणि उरलेल्या वेळात भाषांचा अभ्यास करत होता. १९३९ साली लिहिलेल्या एका निबंधात त्याने आपल्या कामातली उदाहरणे दिली आहेत. त्यांतले एक पेट्रोलच्या ‘रिकाम्या’ पिंपांचे आहे. भरलेल्या पिंपांजवळ लोक काळजी घेत, पण रिकाम्या पिंपांजवळ निर्धास्तपणे सिगारेट ओढत; वास्तविक आत स्फोटक वाफ असल्याने रिकामी पिंपेच अधिक घातक होती. दुसरे उदाहरण आमच्या विषयाला अगदी लागून आहे. लाकडाच्या ऊर्ध्वपातनाच्या एका कारखान्यात भांड्यांवर चुनखडीपासून केलेले आच्छादन होते आणि कामगार त्याला ‘स्पन लाइमस्टोन’ म्हणत. ‘स्टोन’ म्हणजे दगड, दगड कसा पेटेल, म्हणून त्याला आगीपासून कोणी जपले नाही. ॲसिटिक आम्लाच्या वाफांनी त्या चुनखडीचा काही भाग कॅल्शियम ॲसिटेटमध्ये बदलला होता, त्यातून तापल्यावर ॲसिटोन हे झटकन पेटणारे रसायन निघत होते, आणि ते आच्छादन पेटले. शब्दाच्या शेवटच्या घटकावर माणसांनी विश्वास टाकला होता. पानेवाडीचा चालक आणि हार्टफर्डचा अभियंता या दोघांनी एकच गोष्ट आपापल्या कामातून ओळखली होती, आणि मुलीने ती व्होर्फच्या नव्हे, वडिलांच्या तोंडून प्रथम ऐकली याचा मला आनंद झाला.

वडिलांच्या सांगण्याला कायद्याचाही आधार आहे, तो मी पुढच्या तासाला वर्गात दाखवला. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात इंधनांचे वर्ग त्यांच्या ‘फ्लॅश पॉइंट’वरून पाडले आहेत, म्हणजे ज्या तापमानाला इंधनातून क्षणभर पेटण्याइतकी वाफ निघते त्यावरून. हे तापमान २३ अंश सेल्सियसच्या खाली असेल तर इंधन ‘अ’ वर्गात येते. पेट्रोलचे तर शून्याखाली ४० अंशांच्याही पलीकडे आहे. थंडीतल्या पहाटेसुद्धा पेट्रोल पेटायला तयार असते. आपल्या पाट्यांवरचा ‘ज्वालाग्राही’ हा शब्द हे फार स्वच्छपणे सांगतो : ज्वाला ग्रहण करणारे. त्यात फसायला जागा नाही, आणि धोक्याच्या पाटीवर असाच शब्द असायला हवा असे माझे ठाम मत आहे.

भिंतीवरचा तक्ता मी काढला आणि नवा मुलांकडूनच करून घेतला. त्यात उपसर्गासमोर अर्थाचे एकच घर न ठेवता ‘आधी काय झाले’ असे एक घर वाढवले. नकाराच्या उपसर्गांना त्यांची घराणी दिली, कारण आपल्याकडे ‘अनुपस्थित’ चालते आणि ‘गैरहजर’ चालते पण ‘अहजर’ चालत नाही, तसे इंग्रजीत ‘अनहॅपी’ चालते पण ‘इनहॅपी’ चालत नाही. संस्कृताला ‘अ’ शोभतो आणि फारसी-अरबीला ‘गैर’, ‘बे’, ‘ना’, तसे अस्सल इंग्रजी शब्दाला ‘अन’ आणि लॅटिन शब्दाला बहुधा ‘इन’. बहुधा म्हणण्याचे कारण ‘अनजस्ट’ आणि ‘इनजस्टिस’ ही जोडी. एकाच मुळाला विशेषणात एक उपसर्ग आणि नामात दुसरा. क्रमाचा मुद्दा पक्का करण्यासाठी ‘अनलॉकेबल’ फार उपयोगी पडला. ‘लॉकेबल’ आधी आणि ‘अन’ नंतर घेतले, तर कुलूप न लागणारा दरवाजा. ‘अनलॉक’ आधी आणि ‘एबल’ नंतर घेतले, तर उघडता येणारा मोबाइल. दोन्ही अर्थ बरोबर आहेत आणि केवळ वाक्यावरून ठरतात. मुलांनी यावर अर्धा तास वाद घातला आणि मी तो घालू दिला.

सगळेच सुटले असे मात्र नाही. क्रम बरोबर ओळखला तरी अर्थ हाती लागेलच असे नाही, हे ‘इनव्हॅल्युएबल’ने दाखवले. ‘इन’ इथे नकाराचेच, ‘व्हॅल्युएबल’ आधी झालेले, तरीही अर्थ ‘कवडीमोल’ होत नाही. इथे मराठीने पुन्हा हात दिला, कारण ‘अमूल्य’ हा त्याचा अचूक जोडीदार आहे. मोल करता येत नाही इतके मोलाचे. ‘इन्डिफरन्ट’ने मात्र वर्गाला अडवून ठेवले. भाग नीट पडतात, नकार स्पष्ट आहे, सरळ अर्थ ‘फरक नसलेला’ असा निघतो, आणि कोश ‘उदासीन’ म्हणतो. फरक न मानणारा, म्हणून कोणत्याच बाजूला न झुकणारा, म्हणून ज्याला काहीच वाटत नाही असा, ही वाट मी समजावून सांगितली, पण मुलांचे पूर्ण समाधान झाले नाही. म्हणून तो शब्द तक्त्याच्या खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने लिहिलेल्या शब्दांच्या घरात अजून आहे.

परवा तिथे त्या मुलीच्या अक्षरात एक नवी ओळ दिसली. ‘उदासीन’ या शब्दाखाली तिने बारीक रेघ मारून विचारले आहे : ‘यात उत् आहे का?’ आहे. उत् अधिक आसीन. वर, बाजूला जाऊन बसलेला. उद्याच्या तासाची सुरुवात तिथूनच करायची आहे.